अळंबी कुठल्या रांगेत बसते?

त्या मंगळवारी एरास्टो मास्तरांनी अर्जावर नुसतं 'भाजी' असं लिहिलं असतं, तर दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं असतं आणि मला सांगायला गोष्टच उरली नसती. पण सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हातून साधं काम साधेपणानं होत नाही. अर्जात एक रकाना होता: 'मालाचा प्रकार - भाजी, मांस, मासे, धान्य. लागू नसेल ते खोडावे.' मास्तरांनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि चारही शब्द एकामागून एक, सरळ रेघ मारून, खोडले. वर समाधानानं म्हणाले, "आता बरोबर झालं."

माल म्हणजे अळंबी. मास्तरांची बायको डमाली ती घरातच पिकवायची. चर्चच्या बायकांच्या मंडळात ती हे शिकून आली, सरकीच्या टरफलांनी भरलेल्या पिशव्या आणल्या आणि म्हणाली, यांना अंधारी खोली लागते. घरात अंधारी खोली एकच होती, मास्तरांची अभ्यासाची. मास्तरांची पुस्तकं पलंगाखाली गेली आणि छतापासून बावीस पिशव्या लोंबू लागल्या. तीन आठवड्यांनी त्या पिशव्यांना कान फुटावेत तशी पांढरी अळंबी फुटली. मास्तरांना खोली गेल्याचं वाईट वाटलं, पण अळंबीकडे भिंगातून बघताना ते दुःख विसरत असत.

पुढचं एक वर्ष डमाली डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरली. मसाका शहराच्या रस्त्यावरचं आमचं हे गाव (नाव सांगत नाही, इथल्या एका कचेरीत माझाही अर्ज पडून आहे) उतारावर वसलंय. म्हणजे अर्ध्या गावाला माल विकायचा तर डोंगर चढावा लागतो. अळंबी दोन दिवसांत काळी पडते, त्यामुळे थांबून चालत नाही. त्यातून लोक घ्यायचे ते "मास्तरांची बायको दारात आली, रिकामी कशी पाठवायची" म्हणून. हे डमालीला चढणीपेक्षा जास्त लागायचं.

अशात बाजारातला कोपऱ्यावरचा ओटा रिकामा झाला. एका अंगाला भाजीची रांग, दुसऱ्या अंगाला मांसाची, आणि मधला हा ओटा. तिथं कसाव्याचं पीठ विकणारी म्हातारी लेकाकडे राहायला गेली. ओटा शनिवारी दुपारी द्यायचा ठरला. मागणारे दोघं होते, डमाली आणि एक जुन्या बुटांचा व्यापारी.

"मला बसायला जागा हवी," डमाली म्हणाली. "मी लोकांच्या दारात खूप गेले. आता लोकांनी माझ्याकडे यावं."

"कागदाचं माझ्यावर सोड," मास्तर म्हणाले. या तीन शब्दांनी आजवर किती संसार अडचणीत आले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

खोडलेला अर्ज प्रथम पाहिला तो शेजारच्या नासानीनं. नासानी निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळे दुसऱ्यांच्या कागदावर नजर टाकणं हा आपला हक्क आहे असं त्याला वाटे.

"मास्तर, हे काय? सगळंच खोडलंत?"

"यातलं काहीच लागू नाही."

"अहो, जगात खायच्या गोष्टी दोनच. एक मटोके, आणि दुसरं मटोकेवर ओतायचं ते. हिरवं केळं पानात वाफवलं ते पहिलं, वाटीतनं वर पडलं ते दुसरं. मांस घ्या, मासा घ्या, शेंगदाण्याची आमटी घ्या, दुसऱ्यातच. अळंबीही दुसऱ्यात. भाजी लिहा आणि मोकळे व्हा."

"नासानी, हे वर्गीकरण नव्हे, ही भूक आहे," मास्तर म्हणाले. "जीवांची नाती जुळवायची तर त्यांचे गुण पाहावे लागतात. अळंबीला हिरवं पान आहे? उन्हात बसून स्वतःचं अन्न तयार करते? नाही. दुसऱ्यानं केलेलं आयतं खाते. तिच्या पेशींची भिंत कशाची? टोळाचं कवच ज्या द्रव्याचं असतं त्याच द्रव्याची. गुण लावून पाहिले तर ती टोमॅटोपेक्षा तुमच्या जास्त जवळची आहे."

"आयतं खाण्याच्या बाबतीत माझी बायकोही तेच म्हणते," नासानी म्हणाला. "तरी पण भाजी लिहा."

मास्तरांनी लिहिलं नाही. ते अर्ज घेऊन बाजाराच्या मुकादमाकडे गेले.

मुकादम याफेसी म्हणजे भारदस्त माणूस. पत्र्याच्या खोलीत बसायचे आणि तीन शिक्के दोरीला ओवून गळ्यात घालायचे. शिक्के चोरीला जाऊ नयेत म्हणून, असं ते सांगत, पण रविवारी चर्चलाही घालून येत. त्यांनी अर्ज वाचायला घेतला, 'अळंबी' या शब्दापाशी आले आणि हात असा मागे घेतला की जणू कागद तापलेला असावा.

"मास्तर, हे आमचं देवक."

आता मास्तरांना पंचाईत कळली. आमच्याकडे प्रत्येक कुळाला देवक असतं. कोणाचं सिंह, कोणाचं वानर, कोणाचं चिखलातला मासा. ज्याचं जे देवक ते त्याच्या ताटात यायचं नाही, एवढा साधा कायदा. खुद्द मास्तरांचं देवक टोळ. नोव्हेंबरात टोळांचे थवे उतरतात, सगळं गाव कांदा घालून ते तळतं, आणि मास्तर खिडक्या लावून आत बसतात. खिडक्या देवकाच्या आदरापोटी लावतात की वासाच्या भीतीनं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

"विकायला माझी हरकत नाही," याफेसी म्हणाले. "ज्यांचं देवक नाही त्यांनी खुशाल खावं. पण त्याला भाजी म्हणून मी शिक्का मारू? माझा मेहुणा सिंहाच्या कुळातला. गेल्या लग्नात शंभर माणसांत म्हणाला, आमचं देवक सिंह, आणि आमच्या याफेसीचं देवक आमटीत घालतात. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले. उद्या त्याला कळलं की मी माझ्या हातानं आमचं देवक टोमॅटोच्या शेजारी बसवलं, तर मी तोंड कुठं लपवू?"

"पण मी कुठं भाजी म्हटलंय?" मास्तरांचे डोळे चमकले. सत्तावीस वर्षांत इतक्या आतुरतेनं ऐकणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी पान, ऊन, पेशींची भिंत, टोळाचं कवच, सगळं सांगितलं.

याफेसी हळूहळू खुर्चीतून उठले. "म्हणजे आमचं देवक वनस्पती नव्हे?"

"मुळीच नव्हे. प्राण्यांच्या जवळचं."

"किती जवळचं?"

"भावकीतलं म्हणा."

"सिंहाच्या भावकीतलं?"

मास्तर खरं बोलणारे. "तसं फार दुरून," ते म्हणाले.

"दुरून का असेना!" याफेसींनी मास्तरांचा हात जो धरला तो सोडलाच नाही. "मास्तर, हे मला सरकारी कागदावर आणून द्या. शिक्क्यासकट. मी तो कागद चौकटीत घालून लावतो. आणि ओटा तुमचा."

ओटा मिळाल्यासारखाच होता. मास्तर उतारावरून शीळ वाजवत घरी आले आणि डमालीला म्हणाले, "बघितलंस? सत्य लिहिलं की काम होतं." त्या रात्रीच्या जेवणात, ओट्यावर जायला हवी होती ती अळंबी होती, शेंगदाण्याच्या आमटीत. छान झाली होती.

बुधवारी मास्तर शेतकी कचेरीत गेले. अधिकारी बाई त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. मास्तरांना आनंद झाला. तो आनंद एकतर्फी होता हे त्यांना जरा उशिरा समजलं.

"पान?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मूळ? फूल? बी?"

"नाही. नाही. नाही."

"मग शेतकी खात्यात आलात कशाला?"

"तुम्ही हेच लिहून द्यावं. की ही वनस्पती नाही."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "मास्तर, 'अळंबीला वनस्पती का म्हणता येत नाही' या प्रश्नाला तुम्ही मला पाचापैकी दोन गुण दिले होते. आठवतं? मी चार कारणं लिहिली होती."

मास्तरांना आठवत नव्हतं. गुण देणाऱ्याला कधीच आठवत नाही.

"असं करा," बाई कोरा कागद सरकवत म्हणाल्या, "कारणं लिहून द्या. फाइलला लागतील. मुद्देसूद."

मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर कागद घेऊन बसले. शेजारी कॉफीची रोपं न्यायला आलेले शेतकरी बसले होते. ते आदरानं सरकले, कारण एवढ्या वयात माणूस परीक्षा देतो म्हणजे काही तरी मोठीच अडचण असणार. तासाभरानं बाईंनी कागद वाचला, लाल पेन काढलं आणि म्हणाल्या, "तिसरा मुद्दा अपुरा आहे." मास्तरांनी तिसरा मुद्दा पुन्हा लिहिला. चार वाजता शिक्का मिळाला: 'सदर जीव वनस्पती नाही. या कचेरीशी संबंध नाही.' बाहेर पडताना मास्तर मनात म्हणाले की मुद्दे चांगले तपासले पोरीनं, चार तरी गुण द्यायला हवे होते.

त्या संध्याकाळी जेवायला पुन्हा अळंबी.

गुरुवारी याफेसींनी तो कागद तीनदा वाचला, फोननं त्याचा फोटो काढला आणि मेहुण्याला पाठवला. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "उत्तम. पण मास्तर, यानं भाजीची रांग तर बंद झाली. ओटा दोन रांगांच्या कोपऱ्यावर. भाजीची नाही तर मांसाची. वहीत रांग लिहिल्याशिवाय मला ओटा देता येत नाही. चला, खाटकांना विचारू."

मांसाच्या रांगेत हाजी झुबैरींचा शब्द चाले. ते सुरी पुसत होते. त्यांनी मास्तरांच्या पिशवीतली अळंबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कोणी कापली?"

"माझ्या मंडळींनी. सकाळी."

"देवाचं नाव घेऊन?"

"ती सकाळी प्रार्थना करते. पण ती सर्वसाधारण असते, अळंबीसाठी अशी वेगळी..."

"मान कुठली ही?"

मास्तर फसले. ते देठ आणि टोपी यांतला फरक समजावू लागले. रांगेतले सगळे खाटीक सुऱ्या खाली ठेवून ऐकत होते. हाजींच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. मास्तरांचं संपल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या विद्येला माझा सलाम. पण माझ्या रांगेत जे येतं ते आधी आपल्या पायांनी चालत बाजारापर्यंत येतं. हिला पशुवैद्याचा कागद आणा. कागद असेल तर मी तिला बहीण मानीन."

रांग फुटून हसली. मास्तरांना वाटलं, आपण शिकवलेलं यांना पटलं म्हणून हसतायत. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा डमालीनं वाटी पुढं ओढली. तिनं वाटीत अळंबी वाढली.

शुक्रवारी पशुवैद्य. त्यांच्याकडे तपासणीचा एकच छापील अर्ज होता आणि तो गाईगुरांचा होता. नियम म्हणजे नियम. लिंग, वय, पायांची संख्या, मृत्यूचं कारण. मास्तर भरायला बसले. वय: अठरा दिवस. पायांची संख्या: बराच विचार करून, एक. लिंगापाशी मात्र ते अडले.

"डॉक्टर, इथं दोनच चौकोन आहेत."

"दोनच असतात."

"अळंबीत नसतात. त्यांच्यात जोड्या जमण्याचे पुष्कळ प्रकार आहेत. काही जातींत हजारो."

पशुवैद्य उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाहेर पाद्रीसाहेब डुक्कर घेऊन बसलेत. हे वाक्य पुन्हा उच्चारू नका." आणि अर्जावर आडवं लिहून दिलं: 'प्राणी नाही. तपासणी अनावश्यक.'

याफेसींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मास्तर उभे होते. बाहेर बुटांचा व्यापारी ओट्याची लांबी टाचेनं मोजत होता.

"शेतकी म्हणतं वनस्पती नाही. पशुवैद्य म्हणतात प्राणी नाही," याफेसी म्हणाले. "मास्तर, सरकारदरबारी तुमची अळंबी नाहीच."

"पण हेच तर बरोबर आहे! ती तिसरी सृष्टी आहे. स्वतंत्र."

"असेल. माझ्या बाजारात रांगा आहेत, सृष्ट्या नाहीत. उद्या दुपारपर्यंत काही तरी एक ठरवून आणा. नाही तर बूट निदान चामड्याचे आहेत. ते मांसाच्या रांगेत बसतील."

मास्तर घरी आले तेव्हा डमाली अंगणात पाट्या घासत होती. सोमवारची जी अळंबी खाऊनही उरली होती ती काळी पडून वास मारू लागली होती. ती नासानीच्या कोंबड्यांना घातली. पिशव्यांना दुसरा बहर आला होता, सकाळी तोडायलाच हवा असा. मास्तरांनी तिसऱ्या सृष्टीचं सांगायला सुरुवात केली. डमालीनं हातातला काथ्या खाली ठेवला.

"केझियाचे बाबा," ती म्हणाली, "मी जागा मागितली होती. तुम्ही उत्तर शोधत बसलात."

केझिया ही त्यांची मुलगी, वसतिगृहात शिकणारी. ती घरात असती तर मध्ये काही तरी बोलून तिनं वेळ निभावली असती. मास्तरांना खरोखर वाईट वाटलं. आणि वाईट याचंही वाटलं की एवढं सगळं होऊन ते म्हणत होते ते चूक नव्हतंच. बरोबर असून हरण्यासारखं दुःख नाही, कारण त्यात माफी कशाबद्दल मागायची तेच कळत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. वाढलेलं काय होतं हेही त्याला एक कारण असू शकेल.

शनिवारी सकाळी मास्तरांनी शेवटचा उपाय काढला. शाळेची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी सूक्ष्मदर्शक काढला, छातीशी धरला आणि उतारावरून बाजारात आणला. एखादा माणूस छातीशी काही धरून जपून चालला की आमच्या गावात चार माणसं मागं लागतातच. मुकादमाच्या खोलीपर्यंत पोचताना ती चाळीस झाली. त्यांत नासानी पुढं होता.

"मुकादमसाहेब, आज तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग रांग तुम्हीच ठरवा."

याफेसींनी शिक्के पाठीवर टाकले आणि डोळा लावला. बाजार टाचा उंचावून उभा राहिला.

"काय दिसतं?" हाजींनी विचारलं.

"झाड," याफेसी म्हणाले. "काळं. वाकडं."

मास्तर घाबरले. झाड दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतः बघितलं. "मुकादमसाहेब, ही तुमची पापणी आहे."

"मग पापणी कुठल्या रांगेत जाते?" हाजींनी विचारलं, आणि मग काही मिनिटं कोणाला काही ऐकू येईना. मास्तर काच पुसत राहिले. बुटांचा व्यापारी दोन पोती घेऊन ओट्याच्या कडेवर टेकला होता. बाराला थोडाच अवकाश होता.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. डमाली आली. सणावारी नेसायचा पायघोळ गोमेसी घातलेला, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर टोपली. टोपलीत सकाळची अळंबी, केळीच्या पानांनी झाकलेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, सूक्ष्मदर्शकाकडे तर नाहीच. टोपली उतरवली, मुकादमाच्या दारात गुडघे टेकले आणि आमच्या रीतीप्रमाणे नमस्कार सुरू केला. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गुरं कशी आहेत, शेजारी कसे आहेत. आमच्याकडचा नमस्कार मध्ये तोडता येत नाही. मास्तर पाच दिवस याच दारात येत होते, पण ते पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर यायचे. शिकलेल्या माणसाची ती खोडच असते.

नमस्कार संपला तसे याफेसी, आमच्याकडे कोणीही विचारील तसं, म्हणाले, "बाई, तू कोणाची?"

"वानराच्या कुळातली. झाकारियांची लेक, डमाली."

"आणि आईचं माहेर?"

"आई लाकेरी. अळंबीच्या कुळातली. डोंगरापलीकडची."

याफेसी खुर्चीतून उठले. शिक्के पाठीवरून पुढं आले. "अळंबीच्या? अगं, मग तू माझी भाची!"

"हो मामा," डमाली म्हणाली. "मी तुमची भाची."

झालं. एका कुळातली सगळी माणसं आमच्याकडे बहीणभाऊ, म्हणजे डमालीची आई याफेसींची बहीणच. आता हे समजायला मसाकाला यायची गरज नाही. मामानं भाचीला जागा द्यायची नाही, असा कायदा आमच्याकडे तर नाहीच, कुठंही नसावा. भाच्यानं मामाच्या अंगणातली कोंबडी उचलून नेली तरी मामानं हसायचं, अशी आमची रीत. याफेसींनी अर्ज पुढं ओढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यात लिहिलंय 'सौ. ई. मुगालुला'. यावरून माणसाला काय कळणार? पाच दिवस हा कागद माझ्यासमोर आहे आणि माझ्या भाचीचं नाव त्यात कुठंच नाही!"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. नाव लिहिताना मास्तरांना क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं. बाकी सगळ्या अर्जावर त्यांनी विचार केला होता, नेमका तेवढा सोडून.

याफेसींनी ते नाव खोडलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डमाली, झाकारियांची लेक. मग प्रकाराच्या रकान्यापाशी आले. चार सरळ रेघा बघून ते खूश झाले. "हे खोडलंय ते तसंच असू दे. भाचीला कोणी प्रकार विचारतं का?" आणि गळ्यातले तिन्ही शिक्के, लागत होता एकच तरी तिन्ही, त्यांनी मारले.

"मग आमचं काय?" बुटांचा व्यापारी म्हणाला.

"तुझी आई कुठल्या कुळातली?" हाजींनी विचारलं. ती मासळीच्या कुळातली निघाली. त्यानं पोती उचलली आणि मासळीच्या रांगेकडं नशीब काढायला गेला.

डमाली ओट्यावर बसली. केळीचं पान बाजूला केलं. मास्तर तिच्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"कागदाचं तुमच्यावर सोडायचं होतं ना? आणि मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. बावीस वर्षं जावई आहात."

इथं मास्तरांची बाजूही सांगायला हवी. आमच्याकडे जावयानं सासूच्या समोर यायचं नसतं. ती एका दारानं आली की यानं दुसऱ्या दारानं निघायचं, बोलणं तर दूरच. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडची कुळं सांगितली जातात, पण तेव्हा बोलायला भाड्याचा बोलका माणूस असतो. नवरदेवानं मान खाली घालून बसायचं. मास्तर बसले होते, आणि त्यांना आठवत होतं ते एवढंच, की समोरच्या चटईवर एक फार सुंदर हिरवा किडा चालला होता.

"जावई!" याफेसी दारातून गरजले. आता त्यांच्या लक्षात आलं. "मास्तर, म्हणजे तुम्ही आमचे जावई! आणि सासरच्या माणसापुढं पाच दिवस छाती काढून उभे?"

मास्तर तत्काळ खाली बसले. रीतच तशी. बाजाराच्या धुळीत, मांडीवर शाळेचा सूक्ष्मदर्शक घेऊन, मान खाली. याफेसी त्यांच्यापुढं येऊन उभे राहिले. चाळीस माणसं भोवती.

"एक विचारू, जावईबापू?" याफेसी म्हणाले. "शाळेत तुम्ही पोरांना नेमकं शिकवता तरी काय?"

मास्तरांनी सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसली. मग, खोटं बोलता येत नसल्यामुळे, खाली बघतच म्हणाले, "सारखे गुण पाहून कोण कोणाचं नातलग लागतं, ते ओळखायला."

हाजींच्या चेहऱ्यावरची रेष तीन दिवसांत पहिल्यांदा हलली, आणि मग सगळा बाजारच हसला. डमालीनं हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती स्वतःच्या ओट्यावर, दोन्ही हातांनी टोपली धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. मास्तरांनी मान खालीच ठेवली होती, पण त्यांना ते ऐकू आलं. वर्षभर ती टोपली घेऊन डोंगर चढत होती, तेव्हापासून त्यांनी हे हसणं ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते आणखी थोडा वेळ धुळीत तसेच बसून राहिले.